वैमानिक व्यवसाय : प्रशिक्षणाचा खर्च, रोजगाराची संधी आणि मार्गदर्शक प्राध्यापकांची भूमिका

सारांश :
भारतातील विमान वाहतुकीच्या विस्तारामुळे वैमानिक होऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या वाढली आहे. 'देशाला हजारो वैमानिक हवे आहेत' या विधानाच्या आधारे अनेक मध्यमवर्गीय व ग्रामीण कुटुंबे अर्धा कोटी रुपयांहून अधिक खर्चाचा निर्णय घेत आहेत. प्रस्तुत लेखात व्यावसायिक वैमानिक परवान्याची प्रक्रिया, तिचा प्रत्यक्ष खर्च, परवाना आणि नोकरी यांमधील अंतर व या व्यवसायातील चढउतार यांचे विवेचन केले आहे. वैमानिकांची टंचाई मुख्यतः अनुभवी कॅप्टनची असून नवपरवानाधारकांना प्रतीक्षा करावी लागते आणि या प्रतीक्षेची संपूर्ण आर्थिक जोखीम कुटुंबावर पडते, हे या लेखाचे प्रमुख प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : व्यावसायिक वैमानिक परवाना, टाइप रेटिंग, शैक्षणिक कर्ज, सहवैमानिक, व्यवसाय मार्गदर्शन.

१. प्रस्तावना :
भारतीय नागरी विमान वाहतुकीच्या इतिहासात मुंबईचे स्थान अग्रगण्य आहे. १९२८ साली स्थापन झालेल्या बॉम्बे फ्लाइंग क्लबमध्ये जे. आर. डी. टाटा यांनी उड्डाणाचे शिक्षण घेतले आणि १० फेब्रुवारी १९२९ रोजी भारतात दिला गेलेला पहिला वैमानिक परवाना मिळविला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी त्यांनीच कराचीहून मुंबईस टपाल घेऊन येणारे विमान जुहूच्या धावपट्टीवर उतरविले. १९८५ मध्ये कॅप्टन सौदामिनी देशमुख यांच्या नेतृत्वाखाली, सर्व कर्मचारी महिला असलेले उड्डाण कोलकाता ते सिलचर या मार्गावर झाले. आज भारतीय वैमानिकांमध्ये महिलांचे प्रमाण सुमारे १५ टक्के असून ते जागतिक सरासरीच्या जवळजवळ तिप्पट आहे.

एके काळी धनिकांचा छंद अथवा वायुदलातून निवृत्त झालेल्यांचे क्षेत्र मानला जाणारा हा व्यवसाय २००३ नंतर स्वस्त दरातील विमानसेवांच्या उदयाबरोबर सामान्य कुटुंबांच्या आकांक्षेत आला. २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० व इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदविली; जानेवारी २०२४ मध्ये अकासा एअरने आणखी १५० विमानांची मागणी नोंदविली. येत्या १५ ते २० वर्षांत देशाला सुमारे ३०,००० वैमानिक लागतील, असे केंद्रीय नागरी विमान वाहतूक मंत्र्यांनी २०२५ मध्ये सांगितले. या आकड्यांचा उल्लेख प्रशिक्षण संस्थांच्या जाहिरातींत आवर्जून होतो. बारावीचा निकाल लागला की विद्यार्थी व पालक हे आकडे घेऊन महाविद्यालयातील प्राध्यापकांकडे येतात आणि 'हे क्षेत्र कसे आहे?' असे विचारतात. शेतजमीन विकून किंवा घर गहाण ठेवून प्रशिक्षण घेण्याची तयारी असलेल्या पालकास द्यावयाचे उत्तर जबाबदारीचे असते. ते उत्तर देण्यास उपयुक्त ठरेल अशी मांडणी करण्याचा प्रयत्न येथे केला आहे.

२. उद्दिष्टे व अभ्यासपद्धती :
प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.
१) व्यावसायिक वैमानिक परवान्याची पात्रता व टप्पे स्पष्ट करणे.
२) प्रशिक्षणाच्या एकूण खर्चाचे घटक व कर्जाचा भार यांचे विश्लेषण करणे.
३) मागणी आणि प्रत्यक्ष रोजगार यांमधील तफावतीची कारणे शोधणे.
४) व्यवसाय मार्गदर्शनाच्या दृष्टीने उपयुक्त सूचना करणे.

लेखासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून तो दुय्यम माहितीवर आधारित आहे. खर्चाचे आकडे हे प्रचलित दरांवरून बांधलेले ढोबळ अंदाज आहेत. संस्था, विमानाचा प्रकार व रुपयाचा विनिमय दर यांनुसार त्यांत फरक पडतो.

३. परवान्याचा मार्ग :
भारतात वैमानिकांना परवाना देण्याचे अधिकार नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे, म्हणजेच डीजीसीएकडे आहेत. १९३४ च्या विमान अधिनियमाची जागा आता भारतीय वायुयान अधिनियम २०२४ ने घेतली असून तो १ जानेवारी २०२५ पासून अंमलात आला आहे. रेडिओ दूरध्वनीच्या परवान्याचे काम पूर्वी दूरसंचार विभागाकडे होते. नव्या अधिनियमाने तेही महासंचालनालयाच्या कक्षेत आणले.

परवान्याचे तीन मुख्य स्तर आहेत. विद्यार्थी वैमानिक परवाना वयाच्या १६ व्या वर्षापासून आणि खाजगी वैमानिक परवाना १७ व्या वर्षापासून मिळू शकतो. वेतन घेऊन विमान चालविण्यासाठी मात्र व्यावसायिक वैमानिक परवाना, म्हणजेच सीपीएल आवश्यक असतो व त्यासाठी किमान वय १८ वर्षे आहे. या परवान्यासाठी दीर्घकाळ बारावीला भौतिकशास्त्र व गणित हे विषय असण्याची अट राहिली आहे. कला व वाणिज्य शाखेचे अनेक विद्यार्थी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून हे दोन विषय उत्तीर्ण होऊन ती पूर्ण करतात. ही अट शिथिल करण्याचा प्रस्ताव २०२५ मध्ये पुढे आला. तथापि तांत्रिक विषयांचा अभ्यास करताना या दोन विषयांचे ज्ञान लागतेच, हे विद्यार्थ्यांना सांगणे इष्ट ठरते.

उमेदवाराला हवाई नियम, हवाई मार्गनिर्देशन, हवामानशास्त्र आणि विमानाचे तांत्रिक ज्ञान या विषयांच्या परीक्षा प्रत्येकी किमान ७० टक्के गुणांनी उत्तीर्ण व्हाव्या लागतात. त्याचबरोबर एकूण २०० तासांचे उड्डाण पूर्ण करावे लागते. त्यांपैकी १०० तास विमानाचा प्रमुख म्हणून असावे लागतात. दूरच्या विमानतळांपर्यंतचे, ज्याला क्रॉस-कंट्री म्हणतात, असे किमान २० तासांचे उड्डाण त्यांत अंतर्भूत असते; त्यात ३०० सागरी मैलांची, म्हणजे सुमारे ५५५ किलोमीटरची, एक फेरी दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून पूर्ण करावयाची असते. उपकरणांच्या आधारे केलेले उड्डाण व रात्रीचे उड्डाण यांचेही ठराविक तास आहेत. विमान कंपनीत प्रवेशासाठी याखेरीज बहुइंजिनी विमानाचे व उपकरणाधारित उड्डाणाचे मानांकन लागते.

वैद्यकीय पात्रता ही या मार्गावरील पहिली पायरी आहे. प्रथम वर्ग २ व त्यानंतर वर्ग १ अशी तपासणी होते. दृष्टी, रंगओळख, श्रवण, हृदय व मानसिक आरोग्य यांची त्यात कसून परीक्षा घेतली जाते. चष्मा असणे हा अडथळा नाही, परंतु रंगांधत्वासारखा दोष निर्णायक ठरू शकतो. काही विद्यार्थी प्रशिक्षणाचे शुल्क भरल्यानंतर वर्ग १ च्या तपासणीस जातात. तेथे अपात्र ठरल्यास भरलेल्या शुल्काचा प्रश्न उभा राहतो. वर्ग १ चे प्रमाणपत्र हाती येईपर्यंत कोणत्याही संस्थेस मोठी रक्कम देऊ नये, हा साधा नियम अनेक कुटुंबांचे नुकसान टाळू शकेल.

कागदावर हा अभ्यासक्रम दीड वर्षाचा दिसतो. प्रत्यक्षात तो अनेकदा दोन ते अडीच वर्षे चालतो. पावसाळ्यात उड्डाणे खोळंबतात, उत्तर भारतात हिवाळ्यातील धुक्यामुळे दिवस वाया जातात. विमानांची दुरुस्ती, प्रशिक्षकांची कमतरता आणि प्रवासी वाहतूक असलेल्या विमानतळावर उड्डाणासाठी मिळणारा अपुरा वेळ हीदेखील विलंबाची कारणे आहेत. म्हणूनच संस्थेच्या वसतिगृहाची छायाचित्रे पाहण्यापेक्षा 'गेल्या वर्षी येथील विद्यार्थ्यांना २०० तास पूर्ण करण्यास सरासरी किती महिने लागले?' हा प्रश्न विचारणे अधिक उपयोगी ठरते.

४. खर्चाचे स्वरूप :
जाहिरातीत दिसणारे शुल्क हा एकूण खर्चाचा केवळ एक भाग असतो. भारतातील प्रशिक्षणाचा ढोबळ अंदाज पुढील तक्त्यात दिला आहे.

तक्ता क्र. १ : वैमानिक प्रशिक्षणाचा अंदाजे खर्च
१) लेखी परीक्षांची शिकवणी, परीक्षा शुल्क व वैद्यकीय तपासणी – ३ ते ५ लाख रुपये
२) २०० तासांचे उड्डाण, बहुइंजिनी व उपकरण मानांकनासह – ४० ते ५५ लाख रुपये
३) निवास, भोजन व प्रवास – ३ ते ५ लाख रुपये
४) टाइप रेटिंग – १२ ते २० लाख रुपये
एकूण – ५८ ते ८५ लाख रुपये

तक्त्यातील चौथ्या घटकाकडे पालकांचे बहुधा दुर्लक्ष होते. २०० तासांचे प्रशिक्षण दोन ते चार आसनांच्या लहान विमानांवर होते. प्रवासी विमान चालविण्यासाठी त्या विशिष्ट प्रकारच्या विमानाचे, उदाहरणार्थ एअरबस ३२० किंवा बोइंग ७३७ चे, स्वतंत्र प्रशिक्षण घ्यावे लागते. यालाच टाइप रेटिंग म्हणतात. ते प्रामुख्याने सिम्युलेटरवर होते. काही कंपन्या निवडीनंतर हे प्रशिक्षण देतात व त्याचा खर्च उमेदवाराकडून घेतात; काही वेळा उमेदवार नोकरीच्या आशेने ते आधीच स्वखर्चाने करतात. यात मोठा धोका असतो. एअरबसचे रेटिंग घेतलेल्या उमेदवारास बोइंग वापरणाऱ्या कंपनीत त्याचा थेट उपयोग होत नाही. शिवाय ते चालू ठेवण्यासाठी वेळोवेळी चाचणी द्यावी लागते.

उड्डाणाचा खर्च इतका अधिक का, हेही समजून घेतले पाहिजे. प्रशिक्षण विमाने व त्यांचे सुटे भाग मुख्यतः आयात करावे लागतात. त्यांना लागणारे एव्हिएशन गॅसोलिन हे इंधन प्रवासी जेट विमानांच्या इंधनापेक्षा वेगळे असून भारत दीर्घकाळ ते आयातच करीत आला. २०२२ मध्ये इंडियन ऑइलने वडोदरा येथील तेलशुद्धीकरण प्रकल्पातून त्याचे देशी उत्पादन सुरू केले. विमा, प्रशिक्षकाचे वेतन व देखभाल यांचा भार प्रत्येक तासावर पडतो. एका वर्गात साठ विद्यार्थी बसविल्याने इतर अभ्यासक्रमांत दरडोई खर्च कमी होतो. येथे एका विद्यार्थ्यामागे एक विमान व एक प्रशिक्षक लागत असल्याने तसे घडत नाही.

अमेरिका, दक्षिण आफ्रिका, न्यूझीलंड आदी देशांत स्वच्छ हवामान व विमानांची उपलब्धता यांमुळे प्रशिक्षण लवकर पूर्ण होते. मात्र परकीय चलनाचा दर, राहणीमानाचा खर्च आणि परत आल्यावर परवान्याचे भारतीय परवान्यात रूपांतर करण्यासाठी लागणाऱ्या परीक्षा व चाचण्या हे सर्व हिशेबात धरावे लागते.

आता कर्जाचा विचार करू. साडेसात लाखांवरील शैक्षणिक कर्जासाठी बँका सर्वसाधारणपणे स्थावर तारण मागतात. म्हणजेच कर्ज विद्यार्थ्याच्या नावावर असले तरी पणाला लागते ते आईवडिलांचे घर अथवा जमीन. समजा, ६० लाख रुपयांचे कर्ज ११ टक्के व्याजाने दहा वर्षांच्या मुदतीचे घेतले, तर मासिक हप्ता सुमारे ८२,६५० रुपये येतो आणि दहा वर्षांत एकूण परतफेड ९९ लाखांच्या घरात जाते. नोकरी मिळेपर्यंत हप्ता भरावा लागला नाही तरी व्याज थांबत नाही. संपूर्ण रक्कम उचललेली असल्यास केवळ व्याज महिन्याला ५५,००० रुपये होते. सातव्या वेतन आयोगानुसार सहायक प्राध्यापकाचे आरंभीचे मूळ वेतन ५७,७०० रुपये आहे. बेकार नवपरवानाधारकाच्या कुटुंबावर दर महिन्याला जवळजवळ तेवढ्याच रकमेचा भार चढत असतो, यावरून प्रतीक्षेच्या काळाचे गांभीर्य ध्यानात येईल. दोन वर्षांची प्रतीक्षा म्हणजे १३ लाख २० हजार रुपयांचे केवळ व्याज. त्याशिवाय वैद्यकीय प्रमाणपत्र व उपकरण मानांकन चालू ठेवण्याचा खर्च वेगळा. २०२३ च्या सुधारणेने व्यावसायिक परवान्याची मुदत पाच वर्षांवरून दहा वर्षे केली. पण उड्डाणाचा सराव ठेवल्याविना तो परवाना नोकरीच्या दृष्टीने निरुपयोगी राहतो.

५. टंचाई नेमकी कोणाची?
एकीकडे हजारो वैमानिकांची गरज सांगितली जाते व दुसरीकडे परवाना असलेले तरुण घरी बसलेले असतात. हा विरोधाभास समजण्यासाठी विमानाच्या कॉकपिटची रचना पाहावी लागते. प्रवासी विमानात डाव्या आसनावर कॅप्टन व उजव्या आसनावर सहवैमानिक असतो. कॅप्टन होण्यासाठी एअरलाइन ट्रान्सपोर्ट पायलट परवाना लागतो. त्याची किमान अट १,५०० तासांच्या उड्डाणाची असून प्रत्यक्षात कंपन्यांच्या अपेक्षा याहून अधिक असतात. नवपरवानाधारकाकडे असतात २०० तास. कंपन्यांना तातडीने हवा असतो तो डाव्या आसनावरचा वैमानिक. तो विकत घेता येत नाही, घडवावा लागतो आणि त्यास काही वर्षे जातात. कॅप्टन व प्रशिक्षक कॅप्टन अपुरे असल्यास सहवैमानिकांची भरतीही मंदावते, कारण नवागतांना सोबत घेऊन उड्डाण करणारे कोणी नसते. अशा रीतीने टंचाई व बेकारी एकाच वेळी नांदू शकतात.

पुरवठ्याची बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. महासंचालनालयाने २०२२ मध्ये १,१६५ व २०२३ मध्ये १,६२२ व्यावसायिक परवाने दिले. यांतील प्रत्येकास त्याच वर्षी आसन मिळेल इतकी विमाने दरवर्षी ताफ्यात येतीलच असे नाही. मागणी नोंदविलेली विमाने अनेक वर्षांत टप्प्याटप्प्याने येतात. कारखान्यातील विलंब व इंजिनांच्या तक्रारी यांमुळे ती आणखी लांबतात. शिवाय नवीन विमानांचा काही भाग जुनी विमाने बदलण्यासाठीच असतो.

अर्थशास्त्रात 'कॉबवेब' या नावाने ओळखला जाणारा सिद्धांत येथे लागू पडतो. आज भाव चांगला म्हणून शेतकरी कांदा लावतो. पीक हाती येते तेव्हा सर्वांचाच कांदा बाजारात आलेला असतो. प्रशिक्षणास दोन वर्षे लागत असल्याने तेजीत प्रवेश घेतलेला विद्यार्थी बाहेर पडतो तेव्हा बाजार पालटलेला असू शकतो. २००५-०६ च्या सुमारास नव्या विमान कंपन्या एकापाठोपाठ एक सुरू झाल्या, वैमानिक अपुरे पडले व परदेशी वैमानिकांना पाचारण करावे लागले. ते पाहून प्रशिक्षणास गेलेली पिढी २००८ च्या इंधन दरवाढीत व जागतिक मंदीत बाहेर पडली आणि अनेकांना वर्षानुवर्षे थांबावे लागले. ऑक्टोबर २०१२ मध्ये किंगफिशर, १७ एप्रिल २०१९ रोजी जेट एअरवेज आणि मे २०२३ मध्ये गो फर्स्ट यांची उड्डाणे थांबली. अशा प्रत्येक वेळी अनुभवी वैमानिक बाजारात येतात आणि नवागतांची रांग मागे सरकते. २०२० मधील कोविड साथीने तर संपूर्ण क्षेत्र ठप्प केले. महाराष्ट्राने डी. एड. पदविकेच्या बाबतीत हेच अनुभवले आहे. विद्यालये गावोगावी निघाली आणि पुढे शिक्षकभरती थांबल्यावर पदविकाधारक वर्षानुवर्षे रिकामे राहिले. फरक इतकाच की, डी. एड. साठी कोणास अर्धा कोटीचे कर्ज काढावे लागले नव्हते.

मागणी कमी-अधिक होण्यास नियमांतील बदलही कारणीभूत ठरतात. वैमानिकांचा थकवा कमी व्हावा म्हणून साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास करणारा नियम १ जुलै २०२५ पासून आणि रात्रीच्या उड्डाणांवर अधिक बंधने घालणारा नियम १ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाला. डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली. नव्या नियमांस पुरेल असे मनुष्यबळाचे नियोजन नसणे हे त्यामागील एक प्रमुख कारण होते व अखेरीस नियमांत तात्पुरती शिथिलता द्यावी लागली. या घटनेतून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, विश्रांतीचे नियम काटेकोरपणे पाळले गेल्यास वैमानिकांची गरज वाढेल. दुसरी, मनुष्यबळाची उणीव एका आठवड्यात उघड होत असली तरी ती भरून काढण्यास काही वर्षे लागतात.

६. सेवेतील उत्पन्न व जोखीम :
नोकरी मिळाल्यानंतरचे चित्र निश्चितच आकर्षक आहे. मोठ्या कंपन्यांत सहवैमानिकाचे आरंभीचे मासिक उत्पन्न साधारणतः दीड ते अडीच लाखांच्या दरम्यान असते. प्रशिक्षणार्थी काळात मात्र ते बरेच कमी असते. अनुभवी कॅप्टन महिन्याला पाच लाखांहून अधिक मिळवितो. वेतनाचा मोठा भाग उड्डाणाच्या तासांशी जोडलेला असल्याने मंदीच्या काळात उत्पन्न घटते. कंपनीचा विस्तार वेगाने होत असेल तर पाच-सहा वर्षांत कॅप्टनपद मिळू शकते. विस्तार थांबल्यास हाच काळ दहा वर्षांच्या पुढे जातो. ज्येष्ठतेची यादी कंपनीपुरती असते. त्यामुळे कंपनी बंद पडली की अनुभव सोबत येतो, पण ज्येष्ठता येत नाही.

या व्यवसायाचे आणखी एक वैशिष्ट्य म्हणजे उपजीविका शरीरस्वास्थ्यावर अवलंबून असते. वैद्यकीय तपासणी नियमितपणे होते आणि एखादा आजार उद्भवल्यास परवाना तात्पुरता वा कायमचा स्थगित होऊ शकतो. एखाद्या प्राध्यापकास मधुमेह झाल्यास त्याची नोकरी जात नाही. वैमानिकाला मात्र औषधोपचारावर इन्सुलिन लागू लागल्यास उड्डाण थांबवावे लागण्याची शक्यता असते. म्हणून परवाना गमावण्याविरुद्धचा विमा आवश्यक ठरतो. अवेळी काम, झोपेचा विस्कळीतपणा व कुटुंबापासून दुरावा यांचाही विचार झाला पाहिजे. राजीनामा देताना सहवैमानिकास सहा महिने व कॅप्टनला एक वर्षाची पूर्वसूचना देण्याचे बंधन २०१७ मध्ये घालण्यात आले. प्रवासी विमानसेवेत वयाच्या ६५ व्या वर्षापर्यंत काम करता येते.

७. उपलब्ध पर्याय :
विद्यार्थ्यांपुढे असलेले प्रमुख पर्याय थोडक्यात असे सांगता येतील.

अ) शासकीय पुढाकाराच्या संस्था : उत्तर प्रदेशातील फुरसतगंज येथील इंदिरा गांधी राष्ट्रीय उडाण अकादमीत प्रवेश परीक्षा, मुलाखत व कल चाचणीद्वारे प्रवेश मिळतो. महाराष्ट्रात गोंदियाजवळील बिर्सी विमानतळावर राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्था आहे. बारामती, धुळे व नागपूर येथेही प्रशिक्षणाची केंद्रे आहेत. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर वर्षाला १८० वैमानिक घडविण्याची प्रशिक्षण संस्था उभारण्याची घोषणा एअर इंडियाने २०२४ मध्ये केली. या विमानतळावरून प्रवासी वाहतूक एप्रिल २०२५ मध्ये सुरू झाली.

आ) कॅडेट योजना : विमान कंपनी आधी निवड करते व ठरवून दिलेल्या संस्थेत प्रशिक्षण घ्यावयास सांगते. खर्च एक कोटीच्या आसपास किंवा अधिक असतो, परंतु प्रशिक्षणाअंती नोकरीची शक्यता सर्वाधिक असते. तथापि नोकरीचे आश्वासन बहुधा सशर्त असते. करारातील अटी वकिलाकडून वाचून घेणे आवश्यक आहे.

इ) शिष्यवृत्ती : इतर मागास वर्ग, विमुक्त जाती-भटक्या जमाती व विशेष मागास प्रवर्गातील विद्यार्थ्यांसाठी 'महाज्योती' संस्थेने नागपूर फ्लाइंग क्लबच्या साह्याने वैमानिक प्रशिक्षणाची योजना हाती घेतली. अशा योजनांतील जागा अत्यल्प असतात व त्यांची माहिती ग्रामीण महाविद्यालयांपर्यंत वेळेवर पोहोचत नाही.

ई) सैन्यदल : राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीमार्फत वायुदलात गेलेल्या उमेदवारास उड्डाणाचे शिक्षण विनामूल्य मिळते. २०२२ पासून प्रबोधिनीत मुलींनाही प्रवेश मिळू लागला. छत्रपती संभाजीनगर येथील सर्व्हिसेस प्रिपरेटरी इन्स्टिट्यूट व मुलींसाठीची नाशिक येथील संस्था यांत त्याची पूर्वतयारी करून घेतली जाते. मात्र हा देशसेवेचा स्वतंत्र मार्ग असून नागरी विमानसेवेकडे जाण्याची स्वस्त वाट म्हणून त्याकडे पाहू नये.

संस्थेची निवड करताना महासंचालनालयाने २०२५ मध्ये सुरू केलेल्या श्रेणीपद्धतीचा आधार घेता येईल. वर्षातून दोनदा ही श्रेणी जाहीर व्हावयाची असून पहिल्या फेरीत एकाही संस्थेस सर्वोच्च दोन श्रेणींपैकी कोणतीही मिळाली नाही, ही बाब पुरेशी बोलकी आहे.

८. निष्कर्ष :
१) व्यावसायिक वैमानिक परवाना हा नोकरीचा पुरावा नसून नोकरीच्या स्पर्धेत उतरण्याची किमान पात्रता आहे.
२) टाइप रेटिंग धरून खर्च ५८ ते ८५ लाखांपर्यंत जातो, प्रतीक्षेच्या काळातील व्याज हा त्यातील अदृश्य परंतु मोठा घटक आहे.
३) टंचाई प्रामुख्याने अनुभवी वैमानिकांची आहे. दीर्घकालीन मागणीचे आकडे खरे असले तरी ते विशिष्ट वर्षी बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्याला लागू होत नाहीत.
४) तेजीचा लाभ विमान कंपन्या व प्रशिक्षण संस्था यांना लगेच मिळतो, मंदीची झळ मात्र सर्वप्रथम नवपरवानाधारकाच्या कुटुंबास बसते.
५) ज्यांची आर्थिक क्षमता पुरेशी आहे, आरोग्य उत्तम आहे व कल सिद्ध झालेला आहे, अशा विद्यार्थ्यांसाठी हे क्षेत्र आजही उत्तम आहे.

९. सूचना :
१) विद्यार्थ्याने प्रथम वर्ग १ वैद्यकीय प्रमाणपत्र, नंतर कल चाचणी, त्यानंतर लेखी परीक्षा व सर्वांत शेवटी उड्डाणाचे शुल्क असा क्रम पाळावा. पहिल्या तीन टप्प्यांचा खर्च एकूण खर्चाच्या मानाने अल्प असून तेवढ्यात पात्रता बऱ्याच अंशी कळते.
२) शुल्क एकरकमी न भरता उड्डाणाच्या तासांनुसार हप्त्याने भरावे व परताव्याच्या अटी लेखी घ्याव्यात.
३) परवान्यानंतर किमान दोन वर्षे नोकरी न मिळाल्यास कर्ज कसे फेडणार, याचे उत्तर पालकांनी प्रवेशापूर्वी कागदावर मांडावे. उत्तर जमीन विकण्याचे असेल तर निर्णयाचा फेरविचार करावा.
४) निवडीचे पत्र हाती नसताना स्वखर्चाने टाइप रेटिंग करू नये.
५) शक्य असल्यास पदवीचे शिक्षण समांतरपणे पूर्ण करावे, म्हणजे पर्यायी उपजीविकेचा आधार राहील.
६) महाविद्यालयांच्या व्यवसाय मार्गदर्शन कक्षांनी प्रशिक्षण संस्थांच्या प्रतिनिधींबरोबरच सेवेतील वैमानिकांना व नोकरीच्या प्रतीक्षेत असलेल्या परवानाधारकांनाही व्याख्यानास बोलवावे.
७) शासनाने प्रशिक्षण संस्थांना विद्यार्थ्यांचा सरासरी प्रशिक्षण काळ व प्रत्यक्ष नोकरी मिळालेल्यांची संख्या दरवर्षी प्रसिद्ध करणे बंधनकारक करावे.

१०. समारोप :
वैमानिक होण्याची आकांक्षा निकोप आहे आणि ग्रामीण विद्यार्थ्याने ती बाळगू नये असे सुचविण्याचा येथे हेतू नाही. खर्च, काळ व जोखीम यांचे पूर्ण चित्र समोर ठेवून घेतलेला निर्णय यशस्वी होण्याची शक्यता अधिक असते आणि तो फसला तरी कुटुंब उद्ध्वस्त होत नाही. विमान धावपट्टीवरून धावू लागण्यापूर्वी वैमानिक इंधन, हवामान व पर्यायी विमानतळ यांची खातरजमा करतो. या व्यवसायाकडे वळणाऱ्या कुटुंबाने तीच तपासणी स्वतःच्या बाबतीत करावी. ती करावयास लावणे हे मार्गदर्शक प्राध्यापकाचे काम होय.